युद्धाचा खरा हेतू शोधायचा कुठे?



२१ जानेवारी २०२५ रोजी बगदादच्या संसदेत एकाच बैठकीत तीन कायदे मंजूर झाले. एक होता कैद्यांना माफी देण्याचा. तो सुन्नी पक्षांना हवा होता. दुसरा होता सद्दाम हुसेनच्या राजवटीत बळकावलेल्या जमिनी परत करण्याचा. तो कुर्दांना हवा होता. तिसरा होता लग्न, तलाक, पोटगी, वारसा आणि मुलांचा ताबा यांविषयीचा. तो शिया पक्षांना हवा होता. तिघांनी एकमेकांचे कायदे पार पाडून दिले. मतदान रीतसर झालेच नाही, अशी तक्रार काही खासदारांनी केली, पण ती तशीच राहिली. या तिसऱ्या कायद्यामुळे इराकमधला १९५९ सालचा व्यक्तिगत कायदा दुबळा झाला. लग्न लावताना जाफरी पंथाच्या नियमांची निवड केली, तर आता १९५९चा कायदा त्या जोडप्याला लागू होणार नाही. त्या पंथनियमांची संहिताही संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केली.

आमच्या अभ्यासवर्गात ही बातमी चर्चेला घेतली. विषय कायद्याचा होता, पण अर्ध्या तासात गाडी २००३ सालावर गेली. ‘अमेरिकेने तर बायकांना सोडवण्यासाठी हल्ला केला होता ना? मग हे कसे झाले?’ असे एका तरुण मैत्रिणीने विचारले. तिचा जन्मच मुळी त्या युद्धानंतरचा. तिच्या प्रश्नाला खोलीतून चार उत्तरे आली. एकजण म्हणाली, सगळे तेलासाठी होते. दुसरी म्हणाली, अमेरिकेला आपली ताकद दाखवायची होती. तिसरी म्हणाली, त्यांना खरोखरच शस्त्रांची भीती वाटली असेल, माहिती चुकीची निघाली. चौथी म्हणाली, हेतू काही का असेना, एक हुकूमशहा गेला हे तर चांगलेच झाले. वाद रंगला, आवाज चढले, आणि चहा होऊनही निकाल लागला नाही.

हा वाद मला महत्त्वाचा वाटतो. त्यात नुसता इतिहास नाही. आपल्या नावाने, म्हणजे बायकांच्या नावाने, पुढेही युद्धे होणार आहेत. त्या वेळी आपण काय म्हणायचे, हे आत्ता नीट विचार करून ठरवायला हवे. म्हणून या अंकाचे संपादकीय त्या चारही उत्तरांना दिले आहे.

आधी शस्त्रांचे बघू. २० मार्च २००३ रोजी हल्ला सुरू झाला, तेव्हा जगाला सांगितलेले मुख्य कारण हेच होते. इराककडे रासायनिक आणि जैविक शस्त्रे आहेत, अणुबॉम्बची तयारी चालू आहे. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत एक छोटी कुपी हातात धरून ही भीती सगळ्या जगाला दाखवली. त्यांनी सांगितलेल्या फिरत्या प्रयोगशाळांची माहिती मुख्यतः एका पळून आलेल्या इराकी माणसाकडून आली होती. गुप्तचरांनी त्याचे टोपणनाव ‘कर्व्हबॉल’ ठेवले होते. आपण ते सगळे रचून सांगितले, असे त्याने स्वतःच २०११ मध्ये कबूल केले. युद्धानंतर अमेरिकेनेच नेमलेल्या पथकाने सगळा देश पालथा घातला आणि २००४ मध्ये अहवाल दिला: शस्त्रांचे साठे नव्हते, १९९१ नंतरच ते नष्ट झाले होते.

यावर ‘त्यांची चूक झाली’ असे म्हणता येईल का? संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस नोव्हेंबर २००२ पासून इराकमध्येच होते. त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स आणखी काही महिने मागत होते. खरोखर भीती असलेल्या माणसाने तपास पूर्ण होऊ दिला असता. इथे मात्र तपासनिसांना मार्च २००३ मध्ये देश सोडावा लागला आणि बॉम्ब पडू लागले. त्याआधी जुलै २००२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या कचेरीत झालेल्या बैठकीचे टिपण २००५ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आले. अमेरिकेत युद्धाचे ठरलेले आहे आणि त्या धोरणाला जुळतील अशा रीतीने माहिती बसवली जात आहे, असे ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या प्रमुखाने त्या बैठकीत सांगितल्याची नोंद त्यात आहे. ब्रिटनच्याच चिल्कॉट समितीने २०१६ मध्ये निष्कर्ष काढला, की शांततेचे मार्ग संपलेले नसताना युद्ध पुकारले गेले. आणि अमेरिकेचे तेव्हाचे उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी मे २००३ मध्येच एका मुलाखतीत सांगून टाकले होते, की कारणे अनेक होती, पण सरकारातल्या सगळ्यांना मान्य होईल असे कारण म्हणून शस्त्रांच्या मुद्द्यावर भर दिला. म्हणजे कारण शोधले गेले ते एकमत होण्यासाठी. आपल्याकडे मुलगी नाकारायची ठरलेली असते आणि मग पत्रिका जुळत नाही असे सांगितले जाते. त्यातलाच हा प्रकार.

आता तेल. मोर्च्यांतल्या फलकांवर हेच कारण सगळ्यात मोठ्या अक्षरांत होते, आणि ते काही उगाच नव्हते. इराकचे तेलसाठे जगातल्या सर्वात मोठ्या साठ्यांपैकी आहेत. अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी हे १९९५ ते २००० या काळात हॅलिबर्टन कंपनीचे प्रमुख होते. त्या कंपनीच्या शाखेला इराकमधल्या तेलविहिरींच्या दुरुस्तीचे कंत्राट निविदा न मागवताच मिळाले. एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडले, तेव्हा राष्ट्रीय संग्रहालय, ग्रंथालय, इस्पितळे लुटली जात होती. संग्रहालयातून सुमारे १५ हजार वस्तू गेल्या. लेखनकलेचा जन्म जिथे झाला त्या भूमीचा तो ठेवा होता. त्याच वेळी तेल मंत्रालयाच्या इमारतीभोवती अमेरिकन रणगाडे पहाऱ्याला होते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे बरीच वर्षे प्रमुख असलेल्या ॲलन ग्रीनस्पॅन यांनीही २००७ च्या आत्मचरित्रात लिहिले, की हे युद्ध मुख्यतः तेलासाठी होते.

पण तेलाचे उत्तरही पुरे पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २००९ मध्ये इराकने तेलक्षेत्रांचे लिलाव केले, तेव्हा मोठी क्षेत्रे एकट्या अमेरिकन कंपन्यांना मिळाली नाहीत. चीनच्या सरकारी कंपनीला मिळाले, ब्रिटिश कंपनीला मिळाले, रशियन कंपनीला मिळाले. नुसते तेल विकत घ्यायचे असते, तर सद्दामही ते विकायला तयार होताच. म्हणून ‘तेल चोरायला गेले’ असे म्हणून आपण थांबलो, तर समोरचा लिलावाची यादी काढून आपले तोंड बंद करील. त्या भागात कोणाची सत्ता चालणार, तेलाच्या वाटा कोणाच्या धाकात राहणार, हा प्रश्न एखाद्या विहिरीच्या मालकीपेक्षा मोठा होता.

इथे तिसरे उत्तर येते, ताकद दाखवण्याचे. सद्दामला हटवण्याची भाषा ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सुरू झाली, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. जानेवारी १९९८ मध्येच काही उजव्या मंडळींनी अध्यक्ष क्लिंटन यांना पत्र लिहून सद्दामला हटवण्याची मागणी केली होती. त्या पत्रावर सह्या करणाऱ्यांत रम्सफेल्ड आणि वुल्फोवित्झ होते. पुढे हेच दोघे संरक्षणमंत्री आणि उपसंरक्षणमंत्री झाले. ऑक्टोबर १९९८ मध्ये तसा कायदाही झाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात इराकचा हात नव्हता. पण त्या हल्ल्याने घाबरलेल्या, संतापलेल्या जनतेचा पाठिंबा मात्र हाती आला. आधीच दुबळा झालेला, तेरा वर्षांच्या आर्थिक निर्बंधांनी पोखरलेला देश समोर होता. जगाला धाक घालायला असाच देश सोयीचा असतो. गल्लीतला गुंड दहशत बसवण्यासाठी बरोबरीच्या माणसावर हात उगारत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मग खरा हेतू कोणता? मला वाटते, हा प्रश्न असा विचारला की आपण फसतो. हेतू माणसाच्या मनात असतो, आणि सत्ताधाऱ्यांच्या मनात डोकावायची खिडकी आपल्याकडे नाही. एकाच मंत्रिमंडळात एकाला तेल हवे असेल, दुसऱ्याला सूड हवा असेल, तिसऱ्याचा लोकशाहीवर भाबडा विश्वासही असेल. बायकांनी या बाबतीत वेगळी पद्धत वापरायला हवी, आणि ती आपल्याला चांगली अवगत आहे. मारहाण झालेली बाई आपल्या केंद्रात येते, मागून नवरा येतो आणि ‘तिच्या भल्यासाठीच बोललो’ असे शपथेवर सांगतो. आपण त्याच्या मनातले भले मोजत बसत नाही. घरात पैसा कोणाच्या हातात आहे, कुलूप कोणत्या कपाटाला आहे, तडजोडीत पहिली माघार कोणाकडून मागितली जाते, हे आपण बघतो. देशांच्या बाबतीतही हेच तीन प्रश्न पुरे आहेत. आधी काय ठरले होते? पहारा कशावर बसवला? आणि सौद्याची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा काय सोडून दिले?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वर आली आहेत. त्यांत थोडी भर घालते. ताबा घेतल्यावर अमेरिकेने पॉल ब्रेमर यांना इराकचे प्रशासक नेमले. त्यांनी मे २००३ मध्ये पहिल्या दोन आदेशांनी बाथ पक्षाच्या हजारो लोकांना नोकऱ्यांतून काढले आणि सैन्य बरखास्त केले. काढलेल्यांत शाळांतले शिक्षकही होते. लाखो पुरुष एका फटक्यात बेकार झाले, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या घरी बंदुका होत्या. सप्टेंबर २००३ मध्ये ३९ क्रमांकाचा आदेश निघाला. तेल आणि खनिजे वगळता इराकमधले बहुतेक उद्योग शंभर टक्के परकीय मालकीचे होऊ शकतील, नफा बाहेर नेता येईल, असे त्यात होते. सद्दामचे कितीतरी कायदे रद्द झाले, पण सरकारी कामगारांना संघटना करू न देणारा त्याचा १९८७ चा कायदा मात्र तसाच ठेवला गेला. हुकूमशहाचे काय फेकायचे आणि काय जपायचे, याची निवड झाली होती. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाचा अर्थ त्या निवडीत वाचता येतो.

आता चौथे उत्तर, आपल्या जिव्हाळ्याचे. बायकांचे काय?

१७ मार्च २००३ च्या भाषणात अध्यक्ष बुश यांनी इराकी जनतेला वचन दिले, की यापुढे छळछावण्या आणि बलात्काराच्या कोठड्या राहणार नाहीत. त्या कोठड्या खोट्या नव्हत्या. सद्दामच्या राज्यात राजकीय कैद्यांच्या आयाबहिणींवर अत्याचार झाले. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा गावात विषारी वायूने सुमारे पाच हजार कुर्द माणसे मेली, त्यांत बायका-मुले होती. हे सगळे आपण ठामपणे बोलले पाहिजे. युद्धाला विरोध करताना हुकूमशहाचे माप हलके करण्याची काही गरज नाही. पण हेही बोलले पाहिजे, की डिसेंबर १९८३ मध्ये हेच डोनाल्ड रम्सफेल्ड अमेरिकेचे दूत म्हणून बगदादला जाऊन सद्दामशी हस्तांदोलन करून आले होते, आणि हलब्जाच्या वर्षीही अमेरिका सद्दामच्याच बाजूला होती. बाईचे दुःख तेव्हाही तेवढेच होते. ते ऐकू आले, ते उपयोगी पडू लागल्यावर.

बायकांच्या दुःखाचा असा उपयोग नवा नव्हता. १९९० च्या ऑक्टोबरात पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने अमेरिकी खासदारांसमोर रडत साक्ष दिली, की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या काचपेट्यांतून तान्ही बाळे काढून जमिनीवर टाकली. ती साक्ष जगभर दाखवली गेली. ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची कन्या होती आणि ही सगळी मोहीम एका जाहिरात कंपनीने चालवली होती, हे १९९२ मध्ये बाहेर आले. तोवर पहिले आखाती युद्ध होऊन गेले होते. नोव्हेंबर २००१ मध्ये अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून अफगाण बायकांच्या हक्कांसाठी भाषण केले. वीस वर्षांनी काय झाले ते आपण पाहिले. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिकेने तालिबानशी करार केला, त्यात बायकांच्या हक्कांविषयी एक ओळही नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले आणि मुलींच्या माध्यमिक शाळांना कुलपे लागली.

इराकमध्ये १९५९ चा कायदा कोणी दान दिलेला नव्हता. १९५२ पासून इराकी बायकांची संघटना काम करत होती. तिच्या एक अध्वर्यू डॉ. नझीहा अल् दुलैमी या १९५९ मध्ये मंत्री झाल्या. अरब जगातल्या त्या पहिल्या स्त्री मंत्री. हा कायदा घडवण्यात त्यांचा हात होता. लग्नाचे वय १८, अपवाद न्यायाधीशाच्या परवानगीने. दुसऱ्या बायकोवर निर्बंध. शिया-सुन्नी सगळ्यांना एकच न्यायालय. वारशात मुलीला समान वाटाही त्यात होता, तो १९६३ च्या बाथ बंडानंतर काढून टाकला गेला. सद्दामने १९७० च्या दशकात बायकांना शाळेत आणि नोकरीत आणले, कारण त्याला कामाला हात हवे होते. १९९० नंतर धर्मगुरू आणि टोळीप्रमुख खूश ठेवायची वेळ आली, तेव्हा त्यानेच ‘अब्रू’साठी नात्यातल्या बाईचा खून करणाऱ्या पुरुषांना सूट देणारा फतवा काढला. निर्बंधांच्या काळात शिक्षिकेचा पगार कवडीमोल झाला, मुली शाळेतून घरी बसल्या. तरीही १९५९ चा कायदा पडझडीत का होईना, उभा होता.

तो पाडायचा पहिला प्रयत्न झाला परकीय सत्तेच्या छायेत. जुलै २००३ मध्ये अमेरिकेने पंचवीस जणांचे प्रशासकीय मंडळ नेमले, त्यात बायका तीन. त्यांतल्या अकीला अल् हाशिमी यांना सप्टेंबरात गोळ्या घालून मारले. २९ डिसेंबर २००३ रोजी या मंडळाने १३७ क्रमांकाचा ठराव करून १९५९ चा कायदा रद्द केला आणि कौटुंबिक बाबी पंथांच्या हवाली केल्या. इराकी बायका रस्त्यावर उतरल्या. रोज स्फोट होत असलेल्या शहरात त्यांनी निदर्शने केली, सह्या गोळा केल्या, मंडळातल्या सदस्यांच्या दारांत जाऊन बसल्या. ब्रेमर यांनी त्या ठरावावर सही केली नाही, आणि २७ फेब्रुवारी २००४ ला मंडळाने तो मागे घेतला. तो विजय त्या बायकांचा होता. संसदेत त्यांना ४० टक्के जागा हव्या होत्या. ब्रेमर यांचा राखीव जागांनाच विरोध होता. भांडून भांडून २५ टक्क्यांवर तडजोड झाली. आपल्या पंचायतींतल्या ३३ टक्क्यांच्या वेळचे युक्तिवाद ज्यांना आठवतात, त्यांना ते भांडण कसे झाले असेल हे सांगायला नको.

पुढचा घाव २००५ मध्ये बसला. राज्यघटना ठरलेल्या मुदतीत झाली पाहिजे, म्हणून अमेरिकेच्या राजदूतांची घाई चालली होती. मोठ्या शिया पक्षांना घटनेत आणायचे होते, आणि त्याची किंमत ठरली ४१ वे कलम: व्यक्तिगत बाबतीत प्रत्येकाला आपल्या धर्मपंथाप्रमाणे वागण्याचे स्वातंत्र्य. वाचायला हे मोठे उदार वाटते. पण घरात ते स्वातंत्र्य वापरतो कोण, बापच ना? त्या कलमाच्या दारातून २०१४ मध्ये मुलींच्या लग्नाचे वय ९ वर आणणारा मसुदा मंत्रिमंडळाने संमत केला. तो पार पडला नाही. २०१७ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही बायकांनी हाणून पाडला. २०२५ मध्ये मात्र माफी आणि जमिनी यांच्या जोडीला बांधून तो पंथांचा कायदा पार झाला. सद्दाम गेला, अमेरिकेचे प्रशासक गेले, पण सौद्यात आधी काय टाकायचे याविषयी सगळ्यांचे एकमत कायम राहिले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. तेलाच्या पहाऱ्यावर तडजोड झाली नाही, परकीय भांडवलाच्या आदेशावर झाली नाही. तडजोड झाली ती बायकांच्या कायद्यावर. म्हणून त्या तरुण मैत्रिणीला माझे उत्तर असे आहे: बायकांची मुक्ती हा युद्धाचा हेतू नव्हता. तसा तो काहींच्या मनात असेलही. पण ज्या गोष्टीसाठी आपण लढायला निघतो, ती आपण पहिल्याच बैठकीत हातची सोडून देत नाही.

‘मग सद्दामच राहायला हवा होता का?’ हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. हा प्रश्न विचारणारे इराकी बायकांना मोजतच नाहीत. जणू इराकमध्ये दोनच माणसे होती, सद्दाम आणि बुश. यनार मोहम्मद आणि त्यांच्या मैत्रिणींनी २००३ मध्येच बगदादमध्ये संघटना उभी केली, पळून आलेल्या बायकांसाठी निवारे काढले. त्या परकीय सैन्याच्या विरोधात होत्या आणि धर्मांध टोळ्यांच्याही. दोन्हीकडून त्यांना धमक्या आल्या. २००४ मध्ये अबू घरेब तुरुंगातली छायाचित्रे बाहेर आली. मार्च २००६ मध्ये महमूदिया गावात अमेरिकन सैनिकांनी चौदा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिला घरच्यांसह ठार केले. २००७-०८ मध्ये बसरा शहरात डोक्यावर रुमाल नाही म्हणून, नट्टापट्टा केला म्हणून बायकांचे खून पडले. २०१४ मध्ये सिंजारच्या यझिदी बायका गुलाम म्हणून बाजारात विकल्या गेल्या. ज्यांनी विकल्या त्या टोळीतले कितीतरी जण परकीय सैन्याच्या तुरुंगांत एकत्र आले होते, किंवा बरखास्त झालेल्या सैन्यातले होते. युद्धानंतर हिंसेत मेलेल्या नागरिकांची नोंदवलेली संख्याच १ लाख ८५ हजारांच्या वर आहे. नोंद न झालेले वेगळे. ‘हेतू काही का असेना’ असे म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीने ही यादी वाचावी, एवढीच विनंती. हेतू जसा असेल तशी तयारी होते, आणि तयारीत बायकांची सुरक्षितता नसेल तर ती नंतर आपोआप येत नाही.

सत्तेत बाई असली म्हणजे असे होणार नाही, ही समजूतही या युद्धाने खोटी ठरवली. कोंडोलिझा राईस तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होत्या. हिलरी क्लिंटन यांनी सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने मत दिले. दुसरीकडे कॅथरिन गन या ब्रिटिश गुप्तचर कचेरीतल्या साध्या अनुवादक. सुरक्षा परिषदेतल्या लहान देशांच्या मतांसाठी त्यांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवण्याची अमेरिकेची सूचना त्यांनी पाहिली आणि बाहेर फोडली. नोकरी गेली, खटला झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारनेच तो मागे घेतला. एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट या ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या कायदेविषयक उपसल्लागार. हे युद्ध बेकायदा आहे असे लिहून देऊन त्यांनी राजीनामा दिला. खुर्ची किती मोठी, यापेक्षा तिच्यावर बसून काय नाकारले, हे महत्त्वाचे.

हे सगळे दूरचे आहे असे समजू नका. मुक्तीच्या नावाने बगदाद पहिल्यांदा जिंकले गेले, तेव्हा त्या वाटेवर आपली माणसे होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी इराकच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या तुकडीचे नावच पूना डिव्हिजन होते, आणि जवळच्या अबादानच्या तेलाचे रक्षण हे तिचे एक काम होते. त्यात मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरीकडच्या गावांतले शेतकऱ्यांचे मुलगे कूतच्या वेढ्यात उपाशी राहिले आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेले. कितीजण कैदेच्या पायपिटीत मेले. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यावर जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला, की आम्ही जेते म्हणून आलेलो नाही, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. त्या मुक्तीची किंमत मोजणाऱ्यांत इराकी बायका होत्या, आणि घाटावरच्या, कोकणातल्या वाड्यांतल्या विधवाही होत्या. कोणी त्यांना हेतू सांगितला नव्हता. २००३ मध्ये अमेरिकेने भारताकडे पुन्हा सैन्य मागितले. लोकांचा विरोध होता, १४ जुलै २००३ ला सरकारने नकार दिला. तो नकार आपल्या गावांतल्या किती घरांवरून संकट टाळून गेला, याचा विचार करा.

आणि एक अनुभव अगदी घरचा. समान नागरी कायद्याची मागणी स्त्री-संघटनांनी किती वर्षे केली. मग तीच मागणी एका समाजाला धडा शिकवण्याच्या भाषेत इतरांच्या सभांतून ऐकू येऊ लागली. शब्द आपलेच होते, पण त्यात बाई उरली नव्हती. तेव्हा अनेक संघटनांना थांबून आपली मागणी नव्याने मांडावी लागली. आपली घोषणा सत्तेच्या तोंडी आली की आनंद होतो, आणि तेव्हाच सावध व्हायचे असते, हे आपण तेव्हा शिकलो.

पुढच्या वेळी कोणत्याही देशावर बायकांच्या मुक्तीसाठी बॉम्ब टाकण्याची भाषा कानावर आली, तर आपल्या गटात तीन गोष्टी मागा. त्या देशातल्या बायकांच्या संघटना काय म्हणतात ते आधी वाचून दाखवा. त्यांच्या मागण्यांपैकी कोणती गोष्ट युद्धाच्या उद्दिष्टांत लेखी आहे ते सांगा. आणि तह करताना काय सोडणार नाही याची यादी आत्ताच जाहीर करा. या तिन्हींना उत्तर नसेल, तर हेतूवर वाद घालत बसू नका. सरळ रस्त्यावर या.

बगदादमधल्या आपल्या मैत्रिणी या कायद्याविरुद्ध अजून लढत आहेत. २००४ मध्ये त्यांनी ठराव परत घ्यायला लावला होता, हे त्यांच्या लक्षात आहे. आपल्याही असू दे. हा विषय तुमच्या गावच्या मंडळांत, बचत गटांत, शिबिरांत घ्या. जे बोलणे होईल ते आम्हाला लिहून कळवा. मतभेद असतील तर ते आधी कळवा, ते पुढच्या अंकात छापायचे आहेत.